रिपोर्टमधला तो ठळक 'लो'

"मॅडम, बाळाची प्रतिकारशक्ती निम्म्यावर आलीय." खुर्चीत टेकता टेकताच ती म्हणाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) रिपोर्टवर आयजीजी (रक्तातली जंतूंशी लढणारी मुख्य अँटिबॉडी) 380, पुढे ठळक 'लो', त्याभोवती तिनंच लाल पेनानं काढलेलं वर्तुळ. शेजारच्या रकान्यात नॉर्मल : 700 ते 1600. ज्यांचं रक्त घेतलं होतं ते नऊ महिन्यांचे गृहस्थ सासूबाईंच्या मांडीवर बसून फाइलचा कोपरा चघळत होते.

दोनदा सर्दी झाली म्हणून घरच्यांनी परस्पर केलेली ही तपासणी. डॉक्टरांनी बाळाला नीट तपासून काळजीचं काही नाही, असं सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यातून 'लो' जाईना, म्हणून माझ्याकडे पाठवलं.

"700 ते 1600 हे तुमचं-माझं माप," मी म्हटलं. "बाळाला मोठ्यांचा शर्ट ढगळ होणारच."

बाळाला आयजीजी मिळतं ते आईकडून, तेही मुख्यतः शेवटच्या तिमाहीत. जन्मानंतर ते दर तीनेक आठवड्यांनी निम्मं होत जातं. बाळाचं स्वतःचं उत्पादन मात्र रमतगमत सुरू होतं. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान आकडा तळाला जातो, मग सावकाश चढतो. आयजीए या दुसऱ्या अँटिबॉडीला तर मोठ्यांची पातळी गाठायला वयात येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून प्रत्येक वयाच्या निरोगी मुलांचं रक्त तपासूनच त्या वयाचं नॉर्मल ठरवावं लागतं. आता धडधाकट पोराला सुई टोचायला कोण आईबाप सहज तयार होतील? असे तक्ते करणं अवघड, आणि काही रिपोर्टांवर मोठ्यांचाच रकाना छापलेला असतो. त्यातही नॉर्मल म्हणजे शंभर निरोगी मुलांतली मधली 95. उरलेली पाच आजारी नसतात.

"या वयाला साधारण 200 ते 900."

"म्हणजे 380 बसतं?"

"आरामात."

वारंवार न्यूमोनिया, वजन न वाढणं, खोल गळवं, घराण्यात असा आजार, यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टर नुसत्या आकड्यावर थांबत नाहीत. धनुर्वातासारख्या लसीनंतर अँटिबॉडी तयार झाल्या का, तेही बघतात.

ती जरा वेळ गप्प. मग हळूच, "गोवरची लस पुढे ढकलली मी. अंगात ताकद नाही म्हटलं."

हे ऐकून मात्र मी दचकले. आईच्या अँटिबॉडी ओसरल्या की ती लस चांगली लागते, म्हणून तर ती नऊ महिने भरल्यावर देतात. डॉक्टरांना लगेच फोन लावला; त्यांनी 'द्या' म्हटलं.

सासूबाईंनी नातवाच्या तोंडातून फाइल सोडवली. "लस गुरुवारी असते ना गं?"