भालाफेकीत मुलीची कारकीर्द किती वर्षे चालते? त्यासाठी बाकीचे प्रकार सोडावेत का?

तुमची मुलगी चौदा वर्षांची आहे, भाल्याबरोबर हर्डल्स आणि उंच उडीही करते, तिचे सर म्हणतात की आता फक्त भालाच धरावा, आणि घरातली मंडळी म्हणतात की मुलींचा हा खेळ लग्नापर्यंतच; तेव्हा काय करावे, असा तुमचा प्रश्न आहे. बाकीचे प्रकार सोडू देऊ नका, हे माझे उत्तर आहे. ते असे का, हे सांगण्यासाठी एका खेळाडूची कारकीर्द जरा सविस्तर मांडावी लागेल.

ती खेळाडू म्हणजे चेक प्रजासत्ताकाची बार्बोरा श्पोताकोव्हा. महिलांच्या भालाफेकीचा ७२.२८ मीटरचा जागतिक विक्रम तिच्या नावावर आहे. १३ सप्टेंबर २००८ रोजी श्टुटगार्टमध्ये तो झाला आणि अजून कोणी मोडलेला नाही. तिचा जन्म १९८१ चा, आणि सुरुवात भाल्यापासून नव्हे तर हेप्टाथलॉनपासून, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, लांब उडी, भाला आणि दोन धावा अशा सात प्रकारांच्या स्पर्धेपासून झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती भालाफेकीच्या अंतिम फेरीतही पोहोचली नव्हती. तिचे पहिले मोठे पदक, युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेतले रौप्य, २००६ मध्ये गोथेनबर्गला आले, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. आपल्याकडे पंचविशीपर्यंत किती मुलींना मैदानावर राहू दिले जाते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सात प्रकारांतली ती वर्षे वाया गेली नाहीत, हे भालाफेकीची क्रिया जवळून पाहिली की पटते. बघणाऱ्याला वाटते की भाला हाताने फेकला जातो. प्रत्यक्षात धावत येऊन, क्रॉस स्टेप्स म्हणजे अंग आडवे करून पायावरून पाय ओलांडत टाकलेली पावले घेऊन, शेवटी डावा पाय टाचेवर पुढे रोवला जातो आणि त्या क्षणी गुडघा सरळ राहावा लागतो. पाय थांबतो, पण अंगाचा वेग थांबत नाही, तो कमरेतून छातीत, छातीतून खांद्यात, खांद्यातून कोपरात चढतो आणि शेवटी बोटांतून ६०० ग्रॅमच्या भाल्यात उतरतो. याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या वेळी डाव्या पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि गुडघा जरा जरी वाकला तरी मागून आलेला वेग तिथेच जिरून जातो. उंच उडीत झेप घेताना पाय असाच रोवावा लागतो, हर्डल्समुळे धावण्याची लय बसते आणि गोळाफेकीत कंबर आधी व हात नंतर हा क्रम अंगवळणी पडतो. म्हणून तुमची मुलगी उंच उडी मारते तेव्हा ती भाल्याचाच सराव करत असते, असे मी तिच्या सरांना आदराने सांगेन.

हे मी स्वतःच्या अनुभवावरूनही सांगते आहे. मी विद्यापीठ पातळीपर्यंत भाला फेकत होते. सोळाव्या वर्षी मला बाकी सगळे सोडायला लावले गेले आणि रोज साठ-सत्तर फेका पूर्ण ताकदीने करवून घेतल्या जात. पाय कच्चे राहिले, सगळा भार हातावर आला आणि बाविसाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून धरणारा पट्टा, असा दुखावला की भरलेली कळशी उचलताना हात थरथरू लागला. माझा भाला तिथे संपला. आता सकाळी काही मुलींना शिकवते, आणि त्यांच्या फेका मोजूनच करून घेते.

श्पोताकोव्हाच्या पुढच्या वर्षांचा हिशेब थोडक्यात देते. २००७ मध्ये ओसाकाला ६७.०७ मीटर फेकून ती जगज्जेती झाली. २००८ मध्ये बीजिंगला शेवटच्या फेरीपर्यंत रशियाची मारिया अबाकुमोव्हा ७०.७८ मीटरवर पुढे होती, आणि श्पोताकोव्हाने आपल्या अखेरच्या फेकीत ७१.४२ मीटर गाठून सुवर्ण जिंकले. पुढे अबाकुमोव्हाचा जुना नमुना उत्तेजक चाचणीत दोषी ठरला. २०११ च्या देगू येथील जागतिक स्पर्धेत श्पोताकोव्हा तिच्याच मागे दुसरी आली होती. ते सुवर्णही कित्येक वर्षांनी श्पोताकोव्हाकडे आले. पोडियमवर उभे राहून आपले राष्ट्रगीत ऐकण्याचा क्षण मात्र परत येत नाही, आणि याचे मला आजही फार वाईट वाटते. २०१२ मध्ये लंडनला ६९.५५ मीटर फेकून तिने ऑलिंपिक सुवर्ण राखले.

आता लग्नापर्यंतच या म्हणण्याबद्दल. मे २०१३ मध्ये तिला पहिला मुलगा झाला आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये झुरिकला ती युरोपियन विजेती होती. २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिक कांस्य, आणि २०१७ मध्ये लंडनला ६६.७६ मीटर फेकून ती पुन्हा जगज्जेती. ओसाकानंतर बरोबर दहा वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. २०१८ मध्ये दुसरा मुलगा झाला, आणि २०२२ मध्ये म्युनिकला एक्केचाळिसाव्या वर्षी ६०.६८ मीटरच्या फेकीवर तिने युरोपियन कांस्य मिळवून मग निवृत्ती घेतली. ही फेक तिच्या विक्रमापेक्षा साडेअकरा मीटरहून थोडी अधिक कमी आहे, तरी मला ती विक्रमाइतकीच मोठी वाटते.

अर्थात यामागे व्यवस्थाही होती. ती प्राग येथील दुक्ला या लष्करी क्रीडासंस्थेची खेळाडू होती, आणि पुरुषांचा ९८.४८ मीटरचा विक्रम करणारे यान झेलेझनी यांचे मार्गदर्शन तिला लाभले. आपल्याकडे रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलाच्या क्रीडा भरतीतून खेळाडूला काहीसा असाच आधार मिळतो. त्याची चौकशी आतापासून करून ठेवा. आणि हे आपल्याकडे घडत नाही असेही नाही. मीरतजवळच्या बहादूरपूरची अन्नू राणी सुरुवातीला ऊस फेकून सराव करत असे. २०१४ मध्ये इंचॉनला तिला आशियाई कांस्य मिळाले, ६३.८२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम तिने २०२२ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी केला, आणि आशियाई सुवर्ण २०२३ मध्ये हांगझोऊला एकतिसाव्या वर्षी आले.

तुमच्या मुलीने तूर्त ५०० ग्रॅमचाच भाला वापरावा, पूर्ण ताकदीच्या फेका आठवड्यातून दोनच दिवस कराव्यात, आणि कोपराच्या आत दुखू लागले तर त्या दिवशी भाला खाली ठेवावा. दुखणे लपवू नये, हे तिला तुम्हीच सांगा, कारण मुली ते सरांना सांगत नाहीत. आणि बीजिंगची ती शेवटची फेक तिला जरूर दाखवा. पहिल्यांदा ती भाल्याकडेच बघेल. दुसऱ्यांदा फक्त डाव्या गुडघ्याकडे बघायला सांगा.