सायकली टपावर की डिकीवर?

प्रश्न : आमची सात आसनी गाडी आहे. मुलांच्या दोन सायकली सुटीत जालन्याहून म्हैसमाळला न्यायच्या आहेत. कॅरियर टपावरचा घ्यावा की डिकीवरचा? – एक आई, जालना

उत्तर : ताई, डिकीवरचा घ्या. टपावर सायकल उभी केली की गाडीची उंची मीटरभर वाढते. दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर फांद्या खाली झुकलेल्या असतात. शिवाय प्रत्येक वेळी सायकल डोक्याच्या वर उचलायची, तीही मे महिन्यात तापलेल्या पत्र्याला हात लावून! तुमच्या खांद्यांची मला खरंच काळजी वाटते.

मात्र आधी डिकीचं दार नीट पाहा. वर प्लॅस्टिकचा स्पॉयलर (मागच्या काचेवर छज्जासारखा आलेला भाग) असेल तर कॅरियर बांधायच्या पट्ट्यांचे हूक त्यावर अडकवू नका, तो तुटतो. हूक दाराच्या पत्र्याच्या कडेलाच हवेत. दुकानात गाडी घेऊन जा, कॅरियर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत. सायकलींच्या मध्ये जुनी सतरंजी घाला, पेडल चाकात अडकत नाही. निघाल्यावर बदनापूरला थांबून पट्ट्या पुन्हा आवळा. त्या सुरुवातीलाच सैलावतात. कॅरियर लावलेला असताना डिकी उघडता येत नाही, म्हणून डबे नि पाणी आधीच पुढे घ्या.