गिटारची केबल आत्ताच काढा, टोनचं नंतर बघू

तुमच्या पोस्टमध्ये टोनबद्दल सहा ओळी आणि केबलबद्दल एकच. ५० वॅटचं ट्यूब हेड (काचेच्या ट्यूबवर चालणारा गिटारचा ॲम्प), ८ ओहमची एक बाय बाराची कॅब (बारा इंची एका स्पीकरची पेटी), मध्ये सेकंडहँड घेतलेला ॲटेन्युएटर (ॲम्पची ताकद वाटेत जिरवून स्पीकरचा आवाज कमी करणारा डबा), ठाण्यातला टू बीएचके, आवाज खाली आणला की टोन गोधडीखाली गेल्यासारखा होतो. आणि शेवटी जाता जाता, "हेड ते ॲटेन्युएटर गिटारची केबल लावलीय, प्लगपाशी जरा कोमट लागते, नॉर्मल आहे ना?"

नाही, नॉर्मल नाहीये. ती केबल काढा आणि दुसरी मिळेपर्यंत हेड चालूच करू नका. बाकी सगळ्यांनी टोनवर उत्तरं दिलीत, चांगलीच दिलीत, पण या ओळीकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. माझं गेलं, कारण मी हेच केलं होतं. थंडीच्या दिवसांत कोमट प्लगवर हात ठेवून मला वाटलं होतं की सगळं मस्त चाललंय.

आधीच सांगतो, मी इंजिनियर नाही. पंधरा-सोळा वर्षं ट्यूब ॲम्प वाजवतोय आणि एक जाळलाय, एवढीच माझी पात्रता. ॲटेन्युएटर कुठे लावायचा, ओहम का जुळवायचे हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

गिटारची केबल आणि स्पीकरची केबल, दोन्हीला जॅक सारखाच, पाव इंची, त्यामुळे घोळ होतो. पण गिटारच्या केबलीत मधली तार केसासारख्या बारीक धाग्यांची असते आणि भोवती शील्डची जाळी, कारण गिटारमधून करंट येतो तो नगण्य. हेडच्या स्पीकर आउटमधून ५० वॅट ८ ओहमवर म्हणजे अडीच ॲम्पियर जातो, आणि ॲम्प पूर्ण ओढला की त्याहून जास्त. त्या बारीक तारेचं सोल्डर, त्यात मोल्डेड प्लग असेल तर आत काय आहे तेही दिसत नाही, एवढ्या करंटला रोज तापतं, थंड होतं, परत तापतं, आणि एक दिवस सुटतं.

सुटलं की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच माझी गफलत झाली. मला वाटायचं की ॲटेन्युएटरच्या आत स्वतःचा लोड, म्हणजे ॲम्पची ताकद घेणारा भार, आहे, कॅबची वायर निघाली तरी ॲम्प सुरक्षित. बऱ्याच ॲटेन्युएटरच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तो लोड त्या केबलच्या पलीकडे आहे ना! केबल तुटली की ॲम्पच्या दृष्टीने लोड नाहीच, उघडं टोक. सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पला त्याने सहसा काही होत नाही. पण ट्यूब ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधला) जी ऊर्जा साठते तिला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग प्रायमरी, म्हणजे ट्यूबकडच्या, बाजूला व्होल्टेज उसळतं, हजारांत जातं, आणि जिथे इन्सुलेशन कच्चं तिथून ठिणगी मारतं. कधी ट्यूबच्या सॉकेटवर, कधी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगच्या आत.

माझं झालं ते असं. पुण्यात, रविवारी दुपारी, घरात कोणी नाही, हेडचा व्हॉल्यूम सहावर, ॲटेन्युएटर बऱ्यापैकी खाली. पाऊण तास वाजवल्यावर आवाज खरखरला आणि बसला. त्याच सेकंदाला मी स्टँडबाय (ट्यूबचं हाय व्होल्टेज तोडणारा हेडवरचा स्विच) मारायला हवा होता. मी काय केलं, तर ॲटेन्युएटरचा नॉब खराब झालाय असं समजून तो चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरवला, मग हेडचा व्हॉल्यूम सहावरून आठवर नेला आणि ई कॉर्ड जोरात मारली. हेडच्या आतून टिक टिक असा आवाज आला, मागच्या जाळीतून एकदा निळसर उजेड दिसला आणि जळक्या व्हार्निशचा वास. तो वास पडद्यांना दोन दिवस होता.

म्हणून केबलच्याही आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आवाज अचानक गेला की हात आधी स्टँडबायवर. व्हॉल्यूम वाढवून बघायचं नाही, तारा छेडून बघायच्या नाहीत.

पण त्या चुकीहून जास्त महाग मला पडलं ते सर्व्हिस सेंटर. नाव घेणार नाही, विचारूही नका. तिथे हेड दिलं आणि केबल कशी सुटली, टिक टिक कशी झाली, सगळं इत्थंभूत सांगितलं, वर ती केबलही दाखवली. काउंटरवरच्या माणसाने जॉबकार्डवर लिहिलं 'नो साउंड'. बस. मी म्हटलं आउटपुट ट्रान्सफॉर्मर तपासा, तर म्हणाले टेक्निशियन बघून घेतील. सात आठवडे गेले, फोन केला की "पार्ट यायचाय". कुठला पार्ट ते कोणी सांगेना. शेवटी बिल आलं, दोन नवीन ईएल३४ ट्यूब आणि 'जनरल सर्व्हिस'. घरी आणलं, लावलं, वीस मिनिटं वाजलं, मग एक ट्यूब आतून लाल व्हायला लागली आणि धूर. मागचा फ्यूज काढून बघतो तर ५०० मिलिॲम्पच्या जागी २ ॲम्पचा! म्हणजे मूळचा फ्यूज उडत होता, तो का उडतोय हे शोधण्याऐवजी न उडणारा घातला. परत घेऊन गेलो तर म्हणे वॉरंटी फक्त लेबरवर, ट्यूब 'कन्झ्युमेबल'. लेखी रिपोर्ट मागितला तर तो द्यायची पद्धत नाही. दोन ट्यूबचे पैसे गेले, शिवाय त्या वीस मिनिटांत ट्रान्सफॉर्मरचं जे थोडंफार वाचलेलं होतं तेही गेलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही संताप होतो, कारण मी सगळं सांगितलं होतं, त्यांनी फक्त ऐकायचं होतं.

दुरुस्त केलं ते बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाइंडर काकांनी, रेडिओच्या काळापासून हेच काम. त्यांनी ट्यूब काढून सॉकेट उलटं धरलं आणि भिंग दिलं माझ्या हातात. तीन नंबरच्या पिनेपासून दोन नंबरकडे एक काळी रेघ, पेन्सिलने ओढल्यासारखी. ईएल३४ मध्ये तीन म्हणजे प्लेट, जिथे चारशेच्या वर व्होल्ट असतात, आणि शेजारची दोन म्हणजे हीटर. ठिणगीने बेकेलाइटचा कोळसा केला होता आणि कोळशातून वीज जाते, म्हणजे नवीन ट्यूब घातल्या तरी तिथून परत गळणारच. सर्व्हिस सेंटरने ट्यूब बदलताना या सॉकेटकडे पाहिलंच नव्हतं. मग ट्रान्सफॉर्मर. मी म्हटलं मी मल्टिमीटरने मोजलाय, दोन्ही बाजू जवळपास सारख्या येतात. काका म्हणाले, "चार वेढे आतल्या आत चिकटले तर तुझ्या मीटरला काय कळणार?" त्यांनी हेडपासून सोडवून सेकंडरीला (स्पीकरकडच्या बाजूला) थोडं एसी दिलं आणि प्रायमरीच्या दोन अर्ध्या भागांवर किती येतं ते बघितलं, एका बाजूला सरळ सरळ कमी. मग उलगडत एकेक थर मोजला, वहीत लिहिला, प्रायमरी सेकंडरी आलटून पालटून जशी होती तशीच परत भरली. नऊ दिवस लागले. सर्व्हिस सेंटरच्या निम्म्याहून कमी पैसे, आणि ते हेड आजही वाजतंय. (हे कोणी घरी करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं.)

सेंटरला द्यायची वेळ आलीच तर काय बिघडलं ते स्वतः लिहून द्या, त्याच्या कॉपीवर सही घ्या, आणि परत आणल्यावर चालू करायच्या आधी फ्यूजवरचा आकडा ॲम्पच्या मागे छापलेल्या आकड्याशी जुळवून बघा. मी आता फ्यूजचा फोटोच काढून ठेवतो.

केबलचं काम सोपं आहे. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून दोन कोअरची दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर, एक मीटर पुरते, आणि दोन चांगले धातूचे मोनो जॅक, ज्यांचं टोपण फिरवून उघडता येतं असे. टिप (जॅकचं टोक) टिपला, स्लीव्ह (मागचा दांडा) स्लीव्हला. स्वतः सोल्डर येत नसेल तर करून घ्या, पण समोर उभं राहून. ॲटेन्युएटर ते कॅब ही केबलसुद्धा स्पीकरचीच हवी, ती तुमची कोणती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, तपासा. मी माझ्या स्पीकर केबलींच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलाय, घाईत अंधाऱ्या स्टेजवर पण हात चुकत नाही.

आता टोन. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, चालेल.

तुम्ही ॲटेन्युएटरकडून फार मागताय. गिटारचे स्पीकर भलतेच जोरात वाजतात, सेलेस्टियन कंपनीच्या व्हिंटेज ३० स्पीकरची सेन्सिटिव्हिटी एका वॅटला एका मीटरवर १०० डेसिबल आहे. तुमच्या कॅबमध्ये तसाच स्पीकर धरला तर ५० वॅटला होतात ११७. तुम्हाला घरात हवेत समजा ८५, म्हणजे ३२ डेसिबल खाली, म्हणजे स्पीकरला पोचणार साधारण ३० मिलिवॅट. मिलिवॅट! "५ वॅटचा ॲम्प घ्या, प्रश्न मिटेल" असं वर कोणीतरी लिहिलंय, त्याने फक्त १० डेसिबल कमी होतील, कानाला जेमतेम निम्मा आवाज वाटेल.

एवढं खाली आणल्यावर गोधडी येतेच, आणि त्यात ॲटेन्युएटरचा दोष अर्धाच. कानच कमी आवाजात खालचे आणि वरचे सूर कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. स्पीकरचा कागद हलत नाही, त्यामुळे त्याची स्वतःची करकर येत नाही. आणि तुमचा ॲटेन्युएटर साध्या रेझिस्टरचा असेल (वजनाला हलका, जुना, तर बहुतेक तोच) तर ॲम्पला स्पीकरसारखा लोड दिसतच नाही. खऱ्या स्पीकरचे ८ ओहम हे नावाला ८, खालच्या सुरांत रेझोनन्सला (जिथे स्पीकर स्वतःच घुमतो) ते कितीतरी वर जातात आणि वरच्या सुरांकडे परत चढतात, ॲम्प त्या चढउताराला प्रतिसाद देतो, तोच तो जिवंतपणा. रेझिस्टर सगळीकडे सपाट ८. रिॲक्टिव्ह लोडवाले हा चढउतार कॉइल वगैरे वापरून उभा करतात म्हणून महाग असतात.

माझा अनुभव असा की रेझिस्टरवाला ६ ते १० डेसिबलपर्यंत छान, प्रॅक्टिस रूमला, छोट्या गिगला उत्तम. १२ डेसिबलहून जास्त कमी करायला लागलं की मला तो आवडत नाही. रात्रीच्या वाजवण्यासाठी दोनच मार्ग मला पटलेत. एक म्हणजे रिॲक्टिव्ह लोड आणि हेडफोन, टू नोट्स कंपनीच्या कॅप्टरसारखं काहीतरी (तो एकाच ओहमचा येतो, ४, ८ की १६ हे घेतानाच बघा, नाहीतर सेकंडहँडमध्ये फसाल). दुसरं म्हणजे फ्रायेट कंपनीच्या पॉवर स्टेशनसारखं, जे लोडही घेतं आणि छोट्या सिग्नलला परत स्वतःच्या पॉवर ॲम्पने स्पीकरवर सोडतं, पण ते खिशाला जड. आणि तुमच्या हेडला मास्टर व्हॉल्यूम (पॉवर ट्यूबच्या आधीच आवाज कमी करणारा नॉब) असेल तर खरं सांगतो, घरात मास्टर दोनवर ठेवून ॲटेन्युएटर फक्त सहा डेसिबल लावून बघा. पॉवर ट्यूबचं डिस्टॉर्शन नाही मिळणार, पण हात बसायला ते लागत नाही.

वॅटेजही बघा. ५० वॅटचा ॲम्प पूर्ण ओढल्यावर सत्तर-ऐंशीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून ॲटेन्युएटर १०० चा हवा, तुमच्याकडचा ५० चा असेल तर मी तरी पूर्ण ओढणार नाही. तो तापणारच, तापणं हेच त्याचं काम, फक्त हेडच्या जाळीवर किंवा गादीवर ठेवू नका. आणि ॲम्प कायम आठवर चालवला तर ट्यूब लवकर जातात, कानाला आवाज बारीक वाटला तरी आत ट्यूबना पूर्ण मारच पडतो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचं लिहिलंय तुम्ही. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, त्यामुळे नियमावरून वाद घालण्यात आपलीच बाजू लंगडी. कॅब स्लॅबवरून उचला, जाड फोमच्या तुकड्यांवर किंवा स्टुलावर ठेवा. त्यांना त्रास होतो तो बहुतेक खालच्या सुरांच्या धडधडीचा, जी लादीतून जाते. आमच्या खालच्या आजींची तक्रार फोमनंतर थांबली, व्हॉल्यूम तोच होता.

नवीन केबल झाली की हेड चालू करायच्या आधी एवढं करा. केबल ॲटेन्युएटरच्या इनपुटला लावा, हेडकडचा जॅक मोकळा ठेवा आणि त्याच्या टिप आणि स्लीव्हवर ओहमवर लावलेला मीटर धरा. केबल हलवा, प्लगपाशी वाकवा, आकडा हलता कामा नये. रेझिस्टरवाला असेल तर आठच्या आसपास येईल, रिॲक्टिव्ह असेल तर थोडा कमी. मग नुसत्या कॅबचा आकडा घ्या, ८ ओहमची कॅब मीटरवर साधारण सहा-सात दाखवते. शून्य किंवा अनंत आलं तर हेडला लावूच नका. दोन्ही आकडे आणि ॲटेन्युएटरच्या मागच्या लेबलचा फोटो इथे टाका, मी रात्री बघतो.