मेंदूची सूज आणि रक्ताचा रिपोर्ट

प्रश्न : आमच्या घरात सहा महिन्यांत दोन आजारपणे आली. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. वर्षभरापासून त्या तेच ते पुन्हा विचारतात आणि राजवाड्याहून घरी येणारा रोजचा रस्ता दोनदा चुकल्या. एका प्रयोगशाळेत त्यांचे ‘इन्फ्लमेशन पॅकेज’ केले, त्यात सीआरपी (शरीरात कुठेही सूज असली की रक्तात वाढणारे प्रथिन) १४ आला आणि ‘मेंदूला सूज असू शकते’ असे तोंडी सांगण्यात आले. माझ्या २६ वर्षांच्या भाचीची एका डोळ्याची दृष्टी चार दिवसांत अंधूक झाली. डॉक्टरांनी डोळ्याच्या नसेला सूज असल्याचे सांगून एमआरआय, रक्तातील दोन अँटीबॉडी आणि मणक्यातील पाणी तपासायला सांगितले आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र ‘कमर का पानी’ काढू द्यायचे नाही, पाय लुळे पडतात, म्हणून अडून बसली आहेत. दोघींनाही मेंदूची सूजच असेल, तर एकीला साधी रक्ततपासणी आणि दुसरीला एवढे सोपस्कार का?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : भाचीविषयी आधी लिहिते, कारण तिच्या बाबतीत एकेक दिवस मोलाचा आहे. तरुण वयात डोळ्याच्या नसेला अशी सूज येते, ती पुष्कळदा शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपल्याच मज्जासंस्थेवर हल्ला केल्यामुळे. पण हा हल्ला नेमका कशावर झाला आहे यावरून मल्टिपल स्क्लेरोसिस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आणि मॉग अँटीबॉडीचा आजार असे तीन वेगवेगळे आजार संभवतात. पहिल्या झटक्यात तिन्ही सारखे दिसू शकतात. न्यूरोमायलायटिसला तर दीर्घकाळ मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार मानले जात होते. २००४ मध्ये या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट अँटीबॉडी सापडली आणि पुढच्याच वर्षी स्पष्ट झाले, की ती मेंदूतील आधारपेशींवरच्या ॲक्वापोरिन-४ नावाच्या, पाण्याची ये-जा करणाऱ्या प्रथिनावर हल्ला करते. प्रतिकारशक्तीच्या एका प्रथिनाने एका आजाराला स्वतंत्र ओळख मिळवून दिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. हा भेद केवळ नावापुरता नाही : मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी पडणारी इंटरफेरॉन-बीटा किंवा फिंगोलिमॉडसारखी औषधे न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिल्यास आजार बळावू शकतो.

ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन्ही अँटीबॉडी रक्तातच तपासायच्या असतात, आणि शक्यतो जिवंत किंवा जतन केलेल्या पेशींवर केल्या जाणाऱ्या पद्धतीने, कारण ती जुन्या पद्धतींहून अधिक खात्रीची आहे. शक्य असेल तर स्टेरॉइडच्या पहिल्या मात्रेपूर्वी रक्त घेऊन ठेवावे. मात्र नमुना इंदुरातून बाहेरच्या शहरात जाऊन रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवून ठेवू नयेत. मॉग अँटीबॉडी अगदी अल्प प्रमाणात आढळली, तर तिच्यावर एकदम विश्वास ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता मणक्यातील पाण्याविषयी. प्रतिकारपेशी मेंदूच्या परिसरात ठाण मांडून बसल्या असतील, तर त्या तिथेच अँटीबॉडी तयार करू लागतात. या अँटीबॉडी मणक्यातील पाण्याच्या तपासणीत पट्ट्यांच्या रूपाने दिसतात, पण त्याच दिवशी घेतलेल्या रक्तात तशा पट्ट्या दिसत नाहीत. या ऑलिगोक्लोनल पट्ट्या पाश्चात्त्य देशांतील मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ८५ ते ९५ टक्के रुग्णांत आढळतात, आशियाई रुग्णांत हे प्रमाण कमी आहे, आणि न्यूरोमायलायटिसमध्ये त्या बहुधा नसतात. म्हणून रक्त आणि पाणी हे दोन्ही नमुने एकाच दिवशी जाणे आवश्यक आहे. निदानाच्या २०२४ च्या सुधारित निकषांत या पट्ट्यांच्या जोडीला कॅपा फ्री लाइट चेन या, अँटीबॉडीच्या सुट्या तुकड्याच्या मोजमापालाही स्थान मिळाले आहे, ज्यात डोळ्यांनी पट्ट्या मोजण्याऐवजी थेट आकडा मिळतो.

घरातील मंडळींची भीती मी हलकी मानत नाही, पण तिचे उत्तर शरीररचनेतच आहे. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, सहसा तिसऱ्या व चौथ्या मणक्यांमधल्या फटीत घातली जाते. हे पाणी शरीरात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते, त्यामुळे तपासणीसाठी घेतलेले १०-१५ मिलिलिटर तासाभरात भरून निघते. काहींचे डोके काही दिवस दुखते, आणि ते उठून बसल्यावर वाढते. भाची रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

सासूबाईंचा प्रश्न निराळा आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते, मेंदूत नव्हे. हिरड्यांची सूज, गुडघ्याचा संधिवात, लघवीतील जंतुसंसर्ग यांपैकी कशानेही ते १४ पर्यंत जाऊ शकते. त्या आकड्यावरून मेंदूविषयी काही सांगणे चुकीचे होते, आणि त्याने तुम्हाला विनाकारण घोर लावला, याचे मला वाईट वाटते.

अशा विसराळूपणामागे असू शकणाऱ्या अल्झायमरमध्ये प्रतिकारशक्तीचा संबंध नाही, असे मात्र नव्हे. मेंदूतील रखवालदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांभोवती गोळा होतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ट्रेम-२ या प्रथिनाच्या जनुकातील एका दुर्मीळ बदलामुळे अल्झायमरचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो, हे २०१३ मध्ये उघड झाले. या प्रथिनाचा सुटा झालेला अंश मणक्यातील पाण्यात मोजता येतो. पण तो वाढलेला असणे नेहमीच वाईट नसते, कारण आजाराच्या काही टप्प्यांत ती वाढ रखवालदार कामाला लागल्याची खूण असू शकते. आपल्या सराफ्यात दिवसा दागिने विकले जातात आणि रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस. वेळ सांगितल्याशिवाय तिथली गर्दी कशासाठी आहे, हे सांगता येत नाही. ट्रेम-२ किंवा वायकेएल-४० (मेंदूतील सुजेशी संबंधित आणखी एक प्रथिन) यांचे आकडे असेच आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असतात. भाचीची अँटीबॉडी आजाराचे नाव सांगते. ही प्रथिने फक्त मेंदूत हालचाल चालू असल्याचे सांगतात, म्हणून आज त्यांचे स्थान संशोधनात आहे.

अल्झायमरसाठी रक्तात उपयोगी ठरत असलेले प्रथिन प्रतिकारशक्तीचे नसून टाऊ या प्रथिनाचे पी-टाऊ-२१७ हे रूप आहे. त्याचे अमायलॉइडशी असलेले गुणोत्तर मोजणाऱ्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये परवानगी मिळाली, तीही ५५ वर्षे व त्यापुढील, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी. सासूबाईंच्या बाबतीत त्याआधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, लघवीची तपासणी, ऐकू येण्याची चाचणी आणि मनाच्या उदासीनतेची चौकशी करून घ्यावी, कारण यांतून सापडलेला दोष पुष्कळदा भरून काढता येतो. स्मृतीची रीतसर चाचणी आणि एमआरआय मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने करावे. रस्ता चुकण्याची तारीख, वेळ आणि प्रसंग लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही कोणत्याही पॅकेजपेक्षा अधिक सांगेल.

प्रश्न : यजमानांना पार्किन्सन आहे. अशा तपासणीने आजार किती वाढेल हे कळेल का?
— सुदामा नगर, इंदूर

उत्तर : प्रतिकारशक्तीच्या प्रथिनांवरून आज ते सांगता येत नाही. रक्तातील न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे चेतातंतूंच्या झिजेचे प्रथिन एका मर्यादित कामासाठी उपयोगी आहे : साध्या पार्किन्सनमध्ये ते फारसे वाढत नाही, तर त्याच्यासारख्या दिसणाऱ्या मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी आणि पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) या आजारांत ठळकपणे वाढते. वयानुसार आणि मूत्रपिंडाच्या दुर्बलतेनेही ते वाढते, म्हणून रिपोर्टसोबत मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिॲटिनिनचा आकडा जरूर न्यावा. यजमान वारंवार पडत असतील किंवा औषधाने पुरेसा फरक पडत नसेल, तर ही चाचणी करावी का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.