वाचकांचे प्रश्न : कमी ऐकू येणे, विसरणे आणि मेंदूतील भक्षक पेशी

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारावरील लेख मागील अंकात छापून आल्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कानाविषयी होती. चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक. चार-पाच वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी श्रवणयंत्र घेतले, पण ‘नुसता गोंगाट वाढतो’ म्हणून ते कपाटाच्या खणात पडून आहे. अलीकडे ते सांगितलेले विसरतात. बहिरेपणामुळे स्मृतिभ्रंश होतो, असे वाचल्यापासून आई फार घाबरली आहे. आता यंत्र लावून उपयोग होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ज्याला कमी ऐकू येते त्याला स्मृतिभ्रंश होतोच, असे कोणत्याही संशोधनातून निघालेले नाही. आईंना हे सर्वांत आधी सांगावे. दोन्हींचा संबंध मात्र खरा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ६३९ व्यक्तींवर अनेक वर्षे लक्ष ठेवून केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्रवणदोष सौम्य असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम असणाऱ्यांमध्ये तिप्पट आणि तीव्र असणाऱ्यांमध्ये पाचपट आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक दिले आहेत आणि त्यांत श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के धरला आहे. हा आकडा बहुतेक बातम्यांत चुकीचा वाचला जातो. कमी ऐकू येणाऱ्या शंभरांपैकी सात जणांना हा आजार होतो, असा त्याचा अर्थ नाही. साऱ्या समाजातील श्रवणदोष नाहीसा करता आला आणि तो खरोखरच आजाराला कारणीभूत असेल, तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ७ टक्के रुग्ण कमी होतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा तो अंदाज आहे.

यंत्राने फायदा होतो का, या प्रश्नाचे उत्तर देताना मला विशेष सावध राहावेसे वाटते. २०२३ मध्ये ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक शोधनिबंध गाजला होता आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा वाढीव धोका राहत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संगणकावरील विश्लेषणात यंत्र वापरणारे आणि न वापरणारे या दोन गटांची अदलाबदल झाल्याचे पुढे लक्षात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. त्याचा आधार घेऊन केलेल्या जाहिराती मात्र आजही फिरत आहेत. आपण वाचलेली बातमी त्यावरच बेतलेली असण्याची शक्यता आहे.

त्याहून भरवशाचा पुरावा ‘अचीव्ह’ या चाचणीचा आहे, कारण तीत कोणाला यंत्र मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले होते. अमेरिकेतील ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींपैकी एका गटाला श्रवणयंत्र व समुपदेशन आणि दुसऱ्या गटाला सर्वसाधारण आरोग्यशिक्षण देण्यात आले व तीन वर्षे त्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या गेल्या. सर्वांचा एकत्र विचार करता दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र त्यांतील २३८ जण हृदयाच्या आरोग्यावरील एका जुन्या दीर्घकालीन अभ्यासातून आलेले होते, वयाने मोठे होते आणि त्यांच्यात मधुमेह, रक्तदाब यांसारखे धोके अधिक होते. या लोकांमध्ये यंत्र मिळालेल्यांची आकलनशक्ती घटण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. ज्याचा धोका मुळात अधिक, त्याला लाभ होण्याची शक्यता अधिक, एवढेच यावरून म्हणता येते. स्मृतिभ्रंश टळला, असे या चाचणीने दाखवलेले नाही.

तरीही वडिलांचे यंत्र खणातून बाहेर काढावे, असे मी आग्रहाने सांगेन आणि त्याचे कारण स्मृतिभ्रंशापुरते नाही. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, च, त, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणून असे लोक ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ असे म्हणतात आणि आपण मोठ्याने ओरडलो तर उलट चिडतात. माझ्याकडे आलेल्या एका आजोबांची स्मरणशक्ती तपासताना तीन शब्द दिले होते : आंबा, खुर्ची, नाणे. त्यांनी पाच मिनिटांनी ‘आंबा, खुर्ची, गाणे’ असे सांगितले आणि सोबतच्या सुनेने मान खाली घातली. आजोबांच्या लक्षात सारे होते, फक्त त्यांनी ‘नाणे’ ऐकलेच नव्हते. हेच शब्द कागदावर लिहून दाखवल्यावर त्यांनी तिन्ही बिनचूक सांगितले. आपल्या वडिलांच्या ‘विसरण्या’तील किती भाग न ऐकण्याचा आहे, हे कळल्याशिवाय त्यांच्यावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणे अन्यायाचे होईल.

क्रम असा ठेवावा : आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ साचला आहे का ते पाहावे, मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने होणारी श्रवणचाचणी, नव्याने करून त्या आलेखानुसार यंत्राची जुळणी करून घ्यावी आणि त्यानंतरच, यंत्र लावलेले असताना, स्मरणशक्तीची तपासणी करावी. दोन वर्षांपूर्वीची जुळणी आज चालेलच असे नाही. ‘गोंगाट वाढतो’ ही तक्रार खरी असते. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, नळाचे पाणी हे आवाज मेंदूने कित्येक वर्षांत ऐकलेले नसतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला त्याला पुन्हा शिकावे लागते. त्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, दिवसातून दोन-तीन तास यंत्र लावावे. लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा यंत्र लावणारा माणूस ते दुसऱ्यांदा लावत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. खर्चाची अडचण असणाऱ्यांनी दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेची चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते आणि पात्र व्यक्तींना या योजनेतून यंत्रही मिळते.

प्रश्न : मेंदूतील रोगप्रतिकारक पेशीच मेंदू खाऊन टाकतात आणि त्यामुळे अल्झायमर होतो, असे वाचले. मग प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे व गोळ्या घेणे घातक आहे का? की सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या रोज घ्याव्यात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन्ही टोके टाळावीत. कारण समजण्यासाठी या पेशींची थोडी ओळख करून घेऊ या.

या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. पीओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश संशोधकाने १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून त्या प्रथम स्पष्टपणे वेगळ्या दाखवल्या. उंदरांवरील प्रयोगांतून २०१० मध्ये असे दिसले की, रक्तातील इतर भक्षक पेशींप्रमाणे त्या अस्थिमज्जेतून येत नाहीत. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी त्या पीतकोशातून, म्हणजे गर्भाला जोडलेल्या पिशवीतून, मेंदूत येतात आणि पुढे तेथेच वाढतात. जिवंत उंदराच्या मेंदूत त्या पाहण्याचे तंत्र २००५ मध्ये उपलब्ध झाले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्यांना तोवर ‘स्वस्थ बसलेल्या’ म्हटले जाई, त्या पेशी आपल्या बारीक फांद्या सतत पुढे-मागे करत भोवतालचा परिसर चाचपत होत्या. घराच्या ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या जुन्या माणसासारखे त्यांचे काम चाललेले असते.

बालवयात मेंदू चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार करतो आणि नको असलेल्या जोडण्यांवर प्रतिकारयंत्रणेतील पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांची खूण पडली की मायक्रोग्लिया त्या काढून टाकतात. ही छाटणी निरोगी वाढीचा भाग आहे. अडचण अशी की, अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांमध्ये हीच यंत्रणा अवेळी पुन्हा सुरू होते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचे थर साचण्याआधीच चांगल्या जोडण्याही खाल्ल्या जातात, असे २०१६ मध्ये दाखवण्यात आले. आपण वाचलेल्या बातमीचे मूळ यात आहे. पण तीत दुसरी बाजू आलेली नाही. २०१३ मध्ये मायक्रोग्लियाच्या ‘ट्रेम-२’ या ग्राहकाच्या (पेशीच्या पृष्ठभागावरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकातील एक दुर्मीळ बदल सापडला, ज्यामुळे अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. या बदलामुळे पेशींचे काम ढिले पडते आणि अमायलॉइडच्या गाठींना वेढून त्या आटोक्यात ठेवणे त्यांना नीट जमत नाही. म्हणजे या पेशी एका टप्प्यावर जास्त काम करून घात करतात, तर दुसऱ्या टप्प्यावर कमी काम केल्याने नुकसान होते. त्यांना सरसकट ‘वाढवणारे’ किंवा ‘दाबणारे’ औषध सर्वांना कसे लागू पडेल?

याचा पडताळा घेऊन झालेला आहे. संधिवातासाठी सूजनाशक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, या निरीक्षणावरून नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब यांची मोठी चाचणी अमेरिकेत घेण्यात आली. हृदयाच्या सुरक्षिततेच्या शंकेमुळे २००४ मध्ये औषधे थांबवावी लागली आणि आजार टळल्याचे काही दिसले नाही. या गोळ्या रोज घेतल्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. कृपया तो प्रयोग स्वतःवर करू नये. काढ्यांबाबत एवढेच सांगतो की, त्यांतील एकानेही मेंदूतील मायक्रोग्लियाचे काम माणसात सुधारल्याचा पुरावा नाही.

अमायलॉइडविरोधी प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) नव्या औषधांचाही या पेशींशी संबंध येतो. प्रतिपिंड चिकटलेला अमायलॉइड उचलून नेण्याचे बरेचसे काम मायक्रोग्लियाच करतात. लेकॅनेमॅब या औषधाच्या १,७९५ रुग्णांवरील १८ महिन्यांच्या चाचणीत आजार वाढण्याचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा मोठा वाटतो, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही थोडा कमी होता आणि औषध घेणाऱ्या सुमारे आठांपैकी एकाच्या स्कॅनमध्ये मेंदूला सूज दिसली. त्यातील बहुतेकांना त्रास झाला नाही, तरी वारंवार एमआरआय करावा लागतो. विज्ञान म्हणून ही मोठी पायरी आहे असे मी मनापासून मानतो. पण घरदार गहाण टाकून हे उपचार घ्यावेत, असा सल्ला मी कोणत्याही कुटुंबाला देणार नाही.

प्रश्न : मी गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकात वाजवते. मिरवणुकीनंतर दोन दिवस कान गच्च होतात, गुणगुणतात, मग पूर्ववत होतात. ऑडिओमेट्री नॉर्मल आली. काळजीचे कारण नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. त्यांची श्रवणक्षमता काही आठवड्यांत पूर्ववत झाली आणि अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशीही शाबूत राहिल्या. पण त्या पेशी आणि श्रवणचेता (कानातून मेंदूकडे जाणारी नस) यांच्यातील जोडण्यांपैकी वरच्या पट्टीच्या भागात जवळजवळ निम्म्या कायमच्या नष्ट झाल्या होत्या. शांत खोलीतील चाचणीत हे नुकसान दिसत नाही. ते जाणवते तेव्हा माणूस गर्दीत असतो आणि शेजारच्याचे बोलणे त्याला उलगडत नाही.

अंतर्कर्णातही भक्षक पेशी वस्तीला असतात. इजा झाल्यावर त्या तेथे गोळा होतात आणि त्यांचा हेतू नेहमी वाईट नसतो. केशपेशी मेल्यानंतर भक्षक पेशींना मिळणारा एक रासायनिक संदेश उंदरांमध्ये बंद केला, तर मागे उरलेल्या चेतापेशी अधिक संख्येने मरतात, असे २०१५ मध्ये दिसले. तेव्हा निसर्गाने डागडुजीची थोडी सोय ठेवलेली आहे, पण गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. एका कानात जन्मतः त्या सुमारे पंधरा हजारच असतात.

आपण वाजवणे सोडावे, असे मी म्हणणार नाही. सरावापासूनच कानात फोमचे इअरप्लग नीट घालावेत. कापसाच्या बोळ्याने फारसे काही होत नाही. वादनाच्या मध्ये लांब अंतरावर जाऊन कानांना विश्रांती द्यावी. कान गुणगुणत असताना दुसऱ्या दिवशी पुन्हा ताशाजवळ उभे राहू नये. पथकात लहान मुले असतील तर त्यांच्या कानांची जबाबदारी पथकप्रमुखांनी घ्यावी.

प्रश्न : पत्नीचा डावा कान सकाळी उठल्यावर अचानक बंद झाला. सर्दीमुळे असेल म्हणून दुकानातून थेंब आणून चार दिवस घातले. फरक नाही. आणखी किती दिवस वाट पाहावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एकही दिवस नाही. पत्र मिळताच आपल्याला दूरध्वनीवरून हे कळवले आहे. इतरांसाठी येथे पुन्हा लिहितो. तीन दिवसांच्या आत एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, तर ती तातडीची अवस्था मानली जाते. पुष्कळदा कारण सापडत नाही. काहींमध्ये विषाणू, रक्तपुरवठा किंवा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेचा हल्ला असल्याचा संशय असतो. उपचार म्हणून स्टेरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितके लवकर तितके चांगले. डॉक्टर कंपनस्वरित्र, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, कपाळावर टेकवून आवाज कोणत्या बाजूला ऐकू येतो ते विचारतात. तो बिघडलेल्या कानात अधिक ऐकू आला तर बहुधा मळ किंवा कानाच्या पडद्यामागे साचलेले पाणी असते, चांगल्या कानात अधिक आला तर चेतेचा दोष असण्याची शंका येते. दोन मिनिटांच्या या तपासणीसाठी आज संध्याकाळपर्यंत दवाखाना गाठावा. सोबत तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे असेल, तर कानाच्या डॉक्टरकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.