वाचक विचारतात : डोंग्याला इंजिन बसवलं, आता केस होते का?

प्रश्न : भाऊ, आमचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे. पुलावरून जायचं तर लय फेरा पडते, म्हणून लोकं माया डोंग्यानंच पल्याड जातात. दिवाळीनंतर डोंग्याले सेकंडहँड इंजिन बसवलं तर आता पोलीस पाटील म्हणतात नोंदणी नाही, लायसन नाही, केस होईल. खरंच होते का? वल्ह्याच्या डोंग्याले तर आजवर कोणी काही विचारलं नाही.
— एक नावाडी, गडचिरोली जिल्हा

उत्तर : होऊ शकते भाऊ, पोलीस पाटील बरोबर सांगून राहिले. इंजिन बसलं की तुमचा डोंगा थेट २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात येतो. १९१७ चा इंग्रजांच्या काळातला कायदा जाऊन हा आला, आणि नद्या, तलाव, धरणाचं पाणी सगळं यात धरलंय. मग नोंदणी पाहिजे, सर्व्हे पाहिजे म्हणजे डोंगा आणि इंजिन तपासून त्यात किती माणसं बसवायची ते ठरवून घेणं, चालवणाऱ्याकडे सर्टिफिकेट पाहिजे आणि विमा पण पाहिजे. यातलं काही नसलं तर दंड तर होतोच, वरून डोंगा अडकवून ठेवता येतो, आणि ज्याचं पोट घाटावर आहे त्याला दंडापेक्षा तेच जास्त लागते. नोंदणीचं काम आपल्या राज्यात महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. ऑफिस मुंबईला, म्हणून आधी तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नोंदणी होईपर्यंत इंजिनावर सवारी नेऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो.

आता वल्ह्याच्या डोंग्याचं. बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर, अगदी ग्रामपंचायतीपर्यंत सोपवता येईल अशी सोय याच कायद्यात आहे, त्यामुळे तुमच्याकडे काय व्यवस्था आहे ते ग्रामसेवकांना विचारा. पण 'कोणी विचारलं नाही' म्हणून सूट आहे असं समजू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ आहे, ते इंजिन पाहत नाही. भाडं घेऊन धोक्याच्या नावेतून किंवा जीव धोक्यात येईल इतकी भरलेल्या नावेतून माणसं नेली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव बुडायचीच वाट पाहावी लागत नाही. हे नवीनही नाही, १८६० च्या दंड संहितेत हेच कलम २८२ नंबरानं होतं, फक्त दंड हजाराचा होता. बेदरकारपणे नाव हाकली तर आताचं २८२ वेगळं, त्यात दंड दहा हजारांपर्यंत. आणि कोणी दगावलं तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. धोका माहीत असून नेलं असं कोर्टात सिद्ध झालं तर कलम १०५ लागते, ते दहा वर्षांपर्यंत जाते. कागद नसल्याचा दंड माणूस कसाही भरेल, पण जास्तीच्या चार सवारीच्या भाड्यापायी हे ओढवून घेऊ नका.

प्रश्न : आम्ही बाया मिरची तोडाईले नदी पार जातो. ठेकेदार एकाच डोंग्यात सगळ्यायले कोंबते. बसलो तर आमच्यावर पण गुन्हा होते का?
— एक मजूर ताई

उत्तर : नाही ताई, या कलमात तुमच्यावर गुन्हा नाही. कलम २८४ नेणाऱ्यावर आहे आणि न्यायला लावणाऱ्यावर पण आहे, ते शब्दच कलमात आहेत. भाडं ठेकेदार देतो, एका खेपेत सगळ्यांना न्या असं तोच सांगतो, तर 'डोंगा माझा नाही' म्हणून तो सुटत नाही. हे त्याला तोंडावर सांगा. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरच्या घाटावर मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया वैनगंगेत गेल्या, आपल्याच भागातल्या, तुमच्यासारख्याच कामाला निघालेल्या. म्हणून दोन खेपा करायला लावा, हजेरीला उशीर झाला तरी चालेल. लाइफ जॅकेट मागा, ते मागणं जास्तीचं नाही. ऐकत नसतील तर बसायच्या आधीच ११२ ला फोन लावा, आणि ग्रामसभेत सगळ्या बायांनी मिळून हा विषय लेखी द्या, ठराव घ्यायला लावा, त्याची नक्कल तहसीलदारांना पाठवा.