ऑफिसचा ताण घरी येऊनही उतरत नाही. रोज जमेल असं साधं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सचं काम आहे, महिनाअखेर आली की डोकं भणभणतं, घरी आल्यावर मुलांवर उगाच ओरडलं जातं आणि रात्री अंथरुणावर पडलं की तेच आकडे डोळ्यांपुढे नाचतात. ध्यानाला बसून पाहिलंत तर विचार आणखीच वाढले. जिम किंवा योगाच्या क्लासला वेळ नाही. मग घरच्या घरी काय करता येईल, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बडोद्यातच फिजिओथेरपिस्ट आहे. मानसोपचार हा माझा विषय नाही. पण "बेन, डोक जकडाई गई छे" (मान आखडलीय) म्हणत मान धरून जी माणसं माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या मानेला काहीही झालेलं नसतं. दिवसभर खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून माझं उत्तर त्या बाजूनं आहे. ध्यान सध्या राहू द्या. आधी शरीर सैल करायला शिका, मन त्याच्या मागून येतं.

यामागचं कारण समजून घेतलंत तर उपाय टिकतील. साहेबांचा फोन आला किंवा ताळेबंद जुळेना की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास वरच्या वर छातीत होऊ लागतो, जबडा आवळला जातो, खांदे वर जातात. ही सगळी तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची असते. कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस यातलं काहीच करत नाही, त्यामुळे ती तयारी तशीच अंगात राहते आणि तुमच्याबरोबर स्कूटरवर बसून घरी येते. आता हृदयाला "हळू चाल" म्हणून ते ऐकत नाही. आतड्यांना, घामाला हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण म्हटलं तर आपलंही ऐकतो. आपल्या हाती लागलेलं हे एकच दार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. हे प्रत्येकात होतं, तरुणांत जास्त ठळक दिसतं. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. म्हणजे भर द्यायचा तो सोडण्यावर. लोक नेमकं उलट करतात. "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की छाती फुगवून भरपूर हवा ओढतात, मग गरगरतं आणि सोडून देतात. तुम्ही असं करा: खुर्चीत टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकानं सावकाश चार मोजेपर्यंत श्वास घ्या, पोटावरचा हात पुढे आला पाहिजे. मग सहा मोजेपर्यंत सोडा, घाई न करता. मध्ये श्वास रोखायचा नाही. साधारणपणे मोठं माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतं. या पद्धतीत तो सहाच्या आसपास येतो. पाच मिनिटं पुरेत. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, म्हणजे तुम्ही जास्त जोर लावताय.

हे कोणी नव्या फॅशनचं समजू नये म्हणून थोडं आपल्या गावाबद्दल सांगते. स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, आपल्या डभोईचे. बडोदा कॉलेजात शिकले आणि जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावलं. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था त्यांनी १९२४ मध्ये काढली हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच्या आधी, १९२०-२१ च्या सुमाराला, बडोद्याच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या मदतीनं त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते तपासलं होतं. योग मोजून पाहायचा, नुसता श्रद्धेवर सोडायचा नाही, हा विचार ज्या गावात इतक्या लवकर अमलात आला तिथे आपण राहतो, याचं मला फार अप्रूप आहे.

मोजून बसणं तुमच्यासारख्या आकड्यांनी थकलेल्या माणसाला कंटाळवाणं वाटेल. मग मोजू नका, मोठ्यानं काहीतरी म्हणा. आपल्याकडच्या जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती. लयीत, एका दमात ओळ म्हणायची म्हणजे श्वास आपोआप लांब सुटतो. इटलीतल्या संशोधकांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तर दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. तेव्हा तुमची आजी म्हणायची ते स्तोत्र असो, अभंग असो, नाहीतर मुलांबरोबर पाढे असोत, मुलांना घेऊन दहा मिनिटं म्हणा. ज्या वेळी तुम्ही त्यांच्यावर ओरडता, नेमकी तीच वेळ यासाठी वापरा. भ्रामरी जमत असेल तर तीही चांगली. ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढताना श्वास सोडायला वेळ लागतोच.

आता स्नायू. हे वाचत असताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का, पाहा. आराम करताना ओठ मिटलेले आणि दात सुटे असायला हवेत. दात टेकलेले असतील तर जबडा राबतोय. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला लावा, जबडा आपोआप सुटतो. ऑफिसात मॉनिटरच्या कडेला एक छोटा रंगीत ठिपका चिकटवून ठेवा आणि तो दिसला की दात आणि खांदे तपासा. माझ्या पेशंटना मी हे सांगते आणि डोकेदुखीच्या गोळ्या कमी झाल्याचं त्यांच्यातले कित्येक जण येऊन सांगतात.

रात्रीसाठी एक पद्धत आहे, एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली. त्यांचं म्हणणं असं की ताणलेला स्नायू कसा लागतो आणि सुटलेला कसा लागतो यातला फरकच आपण विसरलेलो असतो. तो शरीराला पुन्हा शिकवायचा. गादीवर उताणं पडा. उजव्या हाताची मूठ पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि अर्धा मिनिट त्या हाताकडे नुसतं लक्ष द्या. जड वाटेल, थोडा गरमही. मग डावा हात, मग खांदे कानांकडे ओढून सोडणं, मग चेहरा, पोट, मांड्या, शेवटी पोटऱ्या. पूर्ण जोर लावू नका, निम्मा पुरतो, आणि आवळताना श्वास कोंडू नका. बीपी असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर पायाची बोटं खाली न ओढता आपल्याकडे ओढा. पहिले काही दिवस काही वाटणार नाही. हे कौशल्य आहे, पोहण्यासारखं, सरावानं येतं.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं ते हे, की कारखान्याच्या गेटातून थेट घराच्या दारात. दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. ज्या शरीराला पळायचं होतं त्याला थोडं चालू तरी द्या. घरी पोचलात की स्कूटर लावा आणि वर न जाता सोसायटीभोवती पंधरा-वीस मिनिटं भरभर चाला, मोबाइल खिशात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे वाट पाहणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोजची ही वीस मिनिटं आणि रविवारची एक मोठी फेरी मिळून तेवढं होतं. एप्रिल-मेमध्ये मात्र आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकर नाहीतर सूर्य मावळल्यावरच.

रविवारच्या फेरीसाठी कमाटीबाग. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी ती बाग लोकांसाठी केली. शंभर एकरांहून मोठी, जुनी झाडं, आत वस्तुसंग्रहालय. मुलांना बरोबर न्या, पण निदान अर्धा तास त्यांना दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन एकटे चाला. झाडांच्या सावलीतून चालणं आणि ट्रॅफिकच्या कडेनं चालणं यात फरक पडतो, तुम्हाला स्वतःलाच जाणवेल. संध्याकाळी सुरसागर तलावाची पाळही बरी, पण तिथे हॉर्न फार. मला तरी तिथे निवांत वाटत नाही.

ध्यानाबद्दल. ते तुम्हाला जमलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. अंगात ॲड्रेनलिन भरलेलं असताना डोळे मिटून बसलं की विचार वाढणारच. आधी चालणं, मग श्वास, आणि मग वाटलं तर बसा. अरविंद घोष १८९३ पासून तेरा वर्षं बडोद्यात होते. नंतर जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा इथे आले तेव्हा विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यानं त्यांना सरदार मजुमदारांच्या वाड्यातल्या एका खोलीत तीन दिवस बसवलं. सांगितलं इतकंच की विचार बाहेरून येताना पाहा आणि आत शिरण्याआधी दूर सारा. तुमची-माझी तयारी त्यांच्याएवढी नाही, पण त्यातला पहिला अर्धा भाग आपल्याला पुरतो: विचार येतोय एवढं पाहायचं, त्याच्याशी वाद घालायचा नाही. दांडियाबाजारात ते जिथे राहायचे त्या बंगल्यात अरविंद निवास आहे. ज्यांना घरी शांत कोपरा मिळत नाही त्यांना मी तिथे जाऊन थोडा वेळ नुसतं बसायला सांगते. पैसे पडत नाहीत, कोणी काही विकत नाही.

झोपेसाठी दोन गोष्टी. एक, झोपण्याआधी पाच मिनिटं वहीत उद्याची कामं लिहून काढा, जितकी बारीकसारीक तितकं चांगलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या एका प्रयोगात उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. प्रयोग लहान होता, पण तुमचे ते नाचणारे आकडे कागदावर उतरले तर डोक्यात राहण्याचं त्यांना कारण उरत नाही. दोन, झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट-गरम पाण्यानं अंघोळ, किंवा बादलीत पाय बुडवून बसणं. हातापायांकडे रक्त वळतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंड होऊ लागलं की झोप येते. मधुमेह असेल तर पाण्याचा गरमपणा हातानं नीट पाहून घ्या. मध्यरात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत डोळा लागला नाही तर कुशी बदलत पडून राहू नका. उठून मंद उजेडात काही साधं वाचा, पेंग आली की परत आडवे व्हा. घड्याळाकडे बघू नका.

चहा सोडा असं मी सांगणार नाही. पण कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून चारनंतरचा कप बंद. आणि कारखान्याच्या गेटाबाहेर टेन्शन घालवायला म्हणून तंबाखूचा मावा खाणाऱ्यांची गर्दी असते, तिथे उभे राहत असाल तर हात जोडून विनंती, थांबा. निकोटिननं हृदयाचे ठोके वाढतात. खाल्ल्यावर जे बरं वाटतं ते बहुतेक मागच्या पुडीची तलफ भागल्याचं असतं, आणि तासाभरात ती पुन्हा उभी राहते. तोंडाच्या कॅन्सरची गोष्ट तर वेगळीच.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त घरी शिरण्याआधीचं चालणं आणि दातांची तपासणी. ती अंगवळणी पडली की रात्रीचं स्नायू सोडणं जोडा.

एक गोष्ट मात्र टाळू नका. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर श्वासाचे प्रयोग करत न बसता तडक इस्पितळात जा. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे माझ्या उपायांच्या पलीकडचं आहे, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि तिथे मराठीत किंवा गुजरातीत बोलता येतं.